रंग न धरणारी जागा

९ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद. रागात असलीस तरी आशीर्वाद परत पाठवायची सोय नसते, तेव्हा ठेवून घे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून मीही कागद घेतला. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, वाण्याला चिठ्ठी द्यावी तसं. ‘काचेची हंडी पाठवा. आहे तशी पाठवा, रंग न लावता. त्याचा कामाचा कोटही पाठवा.’ खाली सहीसुद्धा नाही. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी एवढी गोड बोलतेस म्हणे. सासूच्या वाट्याला काय, उरलंसुरलं?

हंडी सुखरूप आहे. तुम्ही दोघांनी भंगाराच्या वखारीतून आणली, त्या दिवशी त्याने ती रद्दी कागदात गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर ठेवली, ती तिथेच आहे. ठेवताना म्हणाला होता, ‘आई, हिला हात लावायचा नाही. ही आमच्या घरची.’ तुम्ही वेगळं घर बघताय हे मला असं कळलं, दिव्यावर बसवायच्या एका काचेवरून. मागच्या खोलीत जाऊन एक बादली घासायला घेतली आणि इतकी घासली की तिचा पत्रा दिसायला लागला.

असो. झालं गेलं.

कोट कुठे सापडत नाहीये. शोधते.

इकडचं काय सांगू? एका उपाहारगृहाचं काम आलंय. झाऱ्या, बादल्या, कंदील, सगळं पत्र्याचं, कोरं करकरीत, आणि त्यांना ते पणजोबांच्या काळचं दिसायला हवंय. मग बसलेय आपली. आधी गंजाचा तपकिरी, त्यात थोडी दालचिनीची पूड, म्हणजे हाताला खरबरीत लागतं. त्यावर मेणबत्ती घासायची, पण कुठेही नाही. जिथे माणसाचा हात जातो तिथेच. झारीची मूठ, बादलीचा काठ, कंदिलाची कडी. वर हिरवा रंग द्यायचा. मेणावर रंग धरत नाही, पुसला की निघून येतो आणि खालचा तपकिरी दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी वर्षं केवढे हात लागले असतील हिला! आणि लागलेली असते ती माझी मेणबत्ती. तो चिडवायचा मला, ‘आई, लोक जुन्याचं नवं करतात, तू नव्याचं जुनं करून विकतेस आणि वर लोक तुझे आभार मानतात.’

मागच्या खोलीत थंडी फार आहे. शेडच्या पत्र्यावर वारा आला की बारीक गुणगुण येते, तो काम करताना करायचा तशीच. लहानपणी उगाच भुंगा म्हणत नव्हते मी त्याला. पत्र्याचा एक स्क्रू ढिला आहे, तो आवळायला हवा. आवळला नाही अजून.

हंडी पाठवते, नीटसा खोका मिळाला की.

तुझी,
आई

२ फेब्रुवारी

सूनबाई,

‘खोका मिळाला नाही का अजून?’ एवढंच लिहून पाठवलंस. वाचून हसू आलं. मग नाही आलं.

खोका मिळत नाही हे खोटं आहे. या घरात खोके पायलीचे पन्नास पडलेत. तुला वाटतंय मी हंडी अडवून धरलीय. धरलीय. का ते आज सांगते. मग तुला काय बोलायचं ते बोल.

त्या दिवशी तू कामावरून आलीस तेव्हा मी त्याची चहाची किटली रंगवायला घेतली होती. तू दारातच उभी राहिलीस. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाहीस. म्हणालीस, ‘आई, तुम्ही त्याला पुसताय.’ मी म्हटलं, ‘किटलीच तर आहे, रंगवली तर काय बिघडलं?’ तू आत गेलीस, बॅग भरलीस. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून तू मला वेडी म्हणशील असं वाटलं, आणि वेडी ठरण्यापेक्षा दुष्ट सासू ठरणं सोपं वाटलं.

तर ऐक.

तो गेला त्यानंतरची गोष्ट. ते धुकं, तो दिवे न लावता उभा केलेला ट्रक, ते सगळं मी पुन्हा लिहिणार नाही. भेटायला येणारी माणसं संपली, तू कामावर जायला लागलीस आणि घर रिकामं झालं तेव्हा हाताला काहीतरी हवं म्हणून मी एक जुना लोखंडी ट्रे ओढला. काम सुरू करायच्या आधी वस्तू साबणाने धुवायची, वाळवायची, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, हे तू बघितलंयस. आंघोळ चुकली एखाद्या दिवशी, पण ही पुसापुशी माझी कधी चुकली नाही. त्या दिवशी चुकली. बोळा न फिरवताच मी करड्या रंगाचा फवारा मारला.

आणि रंग मागे सरला.

ट्रेच्या काठाशी एक गोल ठिपका उघडा पडला, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. मी बघत होते आणि ओला रंग तिथून अंग चोरून घेत होता. ओळीने बोटं उमटली आणि काठावर अंगठा. ट्रे हातात धरून कुणी तुला पाणी आणून द्यावं, तशी पकड.

हे कशाने होतं ते मला ठाऊक आहे, मी अडाणी नाही. तो गाड्यांना लावायचा ते पॉलिश. साबणाला ते दाद देत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण जिथे लागलं तिथे रंग काही केल्या बसत नाही, त्यात गोल गोल डोळे पडतात. म्हणून तर मी ओरडायची, ‘भुंग्या, माझ्या सामानाला शिवू नकोस!’ आणि तो मुद्दाम यायचा, वाळत ठेवलेल्या बरणीवर एक बोट टेकवायचा आणि पळायचा. एवढा बाप्या झाला, लग्न झालं, तरी. मग मी बोळा घेऊन त्याच्या मागे.

त्या ट्रेपुढे मी संध्याकाळपर्यंत बसले होते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा जग घेतला. त्यावर दोन बोटं मिळाली. मग आरशाची पत्र्याची चौकट, मग न्हाणीतल्या बादलीची कडी, खिडकीची काच, कडीकोयंडा, दिव्याची बरणी. कुठे अंगठा, कुठे नुसतं बोटाचं टोक. कशालाच स्पिरिट लावलं नाही. तू म्हणालीस मी त्याला पुसतेय. पोरी, मी घर रंगवत नव्हते गं, मी त्याला शोधत होते.

पण सगळे तुकडे. अख्खा हात कुठे मिळत नाही. आणि हंडी त्याने दोन्ही तळव्यांत धरून, छातीशी घेऊन आणली होती, कामावरून थेट, हात न धुता. तिच्यावर तो पुरता असणार. म्हणून विचारते. एकच हलका फवारा मारू दे. मग देते तुला पाठवून, शपथ.

कोट अजून सापडला नाही.

परवा हिरव्याच्या डब्यात अख्खी बाही बुडाली, मला लांब होते ती. पुसून काढली. कागदावर डाग दिसला तर तो त्याचा आहे.

तुझी,
आई

२० फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं उत्तर पोचलं. ‘घरभर रंग मारून माणूस सापडत नाही. हंडीला हात लावाल तर मी पुन्हा त्या घरात पाऊल ठेवणार नाही.’

म्हणजे एरवी ठेवणार होतीस? हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. चार दिवस तुला मनातल्या मनात झोडपून काढलं. पण आता राग नाही. आता जे घडलंय त्यापुढे तुझा राग काय आणि माझा काय. तू आधी बस. बसलीस का?

भंगारवाला गेल्या आठवड्यात एक बाटली घेऊन आला. पोटाला रुंद, जाड काचेची, जुन्या दवाखान्यात औषधं भरून ठेवायचे तसली. गेल्या आठवड्यात, हे लक्षात ठेव. मी ती गरम पाण्याने धुतली, वाळवली, खिडकीत ठेवली. तिच्यावर मला जुन्या आरशाचा पारा उडाल्यासारखं काम करायचं होतं. रुपेरी फवारा मारायचा, तो ओला असतानाच त्यावर व्हिनेगरच्या पाण्याचे थेंब उडवायचे आणि फडक्याने टिपायचे. जिथे थेंब पडतो तिथला रुपेरी सुटतो. छान दिसतं. तुझ्या दुकानातल्या बाईसाहेबांनी नाही का नेली होती एक, तशी.

रुपेरी मारला. थेंबांपर्यंत गेलेच नाही मी.

बाटलीच्या पोटावर हात उमटला. अख्खा. पाच बोटं आणि तळवा, पसरलेला, आपण कुणाच्या पाठीवर ठेवतो तसा.

ट्रेवर त्याचा हात आधीचा असेल, किटलीवर आधीचा असेल, मान्य. पण ही बाटली तो गेल्यावर कितीतरी दिवसांनी या घरात आली. मग हिच्यावर तो कुठून आला? सांग ना. तू शिकलेली आहेस, सांग.

मी सांगते. तो येतो.

शेजारची शिंपीण आपला कंदील घेऊन आली होती, कडी बसवून द्या म्हणून. तिला बाटली दाखवली. तिने बराच वेळ बघितली आणि म्हणाली, ‘ताई, तुमचाच असेल हो हात.’ मी हसले. म्हटलं, ‘अगं बये, माझा कसा असेल? मी कधी त्या पॉलिशला शिवते का?’ त्यावर तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, कंदील उचलला आणि गेली. माझ्यात काय एवढं बघण्यासारखं होतं कोण जाणे.

आता मी रोज संध्याकाळी खिडकीत काहीतरी मांडून ठेवते. डब्याचं झाकण, चमचा, काचेची वाटी, जे असेल ते. स्वतः धुते, स्वतः मांडते. सकाळी उजाडल्यावर रंग मारते. आणि सूनबाई, प्रत्येकावर असतो. एकही वस्तू अशी नाही. त्याची खुर्ची मी खिडकीजवळ सरकवलीय. चहा एक कप जास्त टाकते. तो गार होतो आणि मीच पिते, ते ठीक आहे, त्याला कधी वेळेवर चहा प्यायची सवय नव्हतीच.

परवा झाकणावर हात उमटत होता आणि त्याच वेळी वरचा पत्रा गुणगुणायला लागला. मी दोन्ही हात कानांवर ठेवले. मग काढले.

भीती वाटते का, असं तू विचारशील. वाटते. पण तो येतो याची नाही वाटत. एखाद्या सकाळी रंग सपाट बसेल याची वाटते.

तू ये. हंडीचं राहू दे बाजूला, हंडीला मी हात लावणार नाही. ती कशाला हवी आता? तू फक्त ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.

तुझी,
आई

२७ फेब्रुवारी

पोरी,

तू येऊ नकोस. निघाली असलीस तर परत फीर. इथे बघण्यासारखं काही नाही.

करंगळी.

त्याच्या करंगळीचं तुला मी सांगायला हवं असं नाही. पण हे कागदावर उतरवल्याशिवाय माझी सुटका नाही. तो चालायला लागला तेव्हाची गोष्ट, वाऱ्याने दार आपटलं आणि डाव्या हाताची करंगळी सापडली. डॉक्टरांनी बांधली, पण ती बसली ती वाकडीच. पुढे दुसऱ्या हाताचीही तशीच करायला लागला, तिला बघून, नकलाकार मेला. कप धरला की दोन्हीकडे करंगळ्या आपल्या वर. टाळी वाजवली तरी त्या लांब. शाळेत एकदा सगळ्या पोरांचे हात रंगात बुडवून कागदावर उठवले होते, त्याच्या कागदावर चार चारच बोटं. बाई म्हणाल्या, पाचवं कुठाय? हा म्हणाला, ते उडून गेलं. तू गाडीवर मागे बसायचीस तेव्हा त्याच्या करंगळीत तुझी पिशवी अडकवायचीस, मी खिडकीतून बघायची.

बाटलीवर पाच बोटं आहेत.

मला सकाळी सहज वाटलं, त्याचा हात केवढा मोठा होता ते बघावं. माझा पंजा मी त्या उमटलेल्या हातावर धरला, न टेकवता. मोठा नव्हता. डब्यावर झाकण बसावं तसा माझा हात त्यावर बसला. करंगळीसकट.

कोट हरवला नव्हता गं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही तो माझ्या अंगात होता आणि आता हे लिहितानाही आहे. त्याच्या मालकाने घरी पाठवला त्याच दिवशी मी तो घातला; तू कामावरून यायच्या वेळी काढून लपवायची, तू गेल्यावर तो अंगातून निघालाच नाही. त्याच्या खिशात पॉलिशची फडकी होती, तशीच ठेवली. थंडी वाजली की मी खिशात हात घालून बसायची. फडकी मुठीत धरून बसायची, त्याचा हात धरल्यासारखी. आणि मग त्याच हातांनी बाटली उचलायची, झाकण मांडायची, चमचा पुसायची. शिंपिणीला ते एका नजरेत कळलं. ती माझ्याकडे नव्हती बघत, ती कोटाकडे बघत होती.

मग मी बाकीचं सगळं काढलं. खिडकीत ओळीने मांडलं आणि एकेक बघितलं. जगावरची दोन बोटं कुणाचीही असतील. आरशावर अंगठा आहे, अंगठ्याचं काय कळणार? पण ट्रेवर चारही बोटं ओळीने टेकलीत, करंगळी धरून. किटलीवर तशीच. ट्रे रंगवला त्याच्या आधीच कोट आला होता, हे मी आठवून आठवून पक्कं केलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

आणि त्याचा खरा हात या घरात राहीलच कसा? तो जिथे बोट टेकवायचा तिथे मी बोळा घेऊन हजर असायची. किती चोख काम माझं!

मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खोटे हात काढले. ही मूठ पन्नास वर्षं वापरलेली दिसली पाहिजे, हा काठ एखाद्या आजीने रोज धरलेला दिसला पाहिजे. मला ते जमायचं, म्हणून लोक यायचे. मग मलाच हवे होते तेव्हा मी मलाही काढून दिले. एवढे चांगले काढले की मी फसले.

तू गेलीस तेव्हा मी रडले नाही. तो गेला तेव्हाही मला सगळ्यांसमोर रडता आलं नव्हतं, तू बघितलंस, बायका काय काय कुजबुजल्या तेही ऐकलंस. आज रडले. पोरी, तो आज सकाळी दुसऱ्यांदा गेला.

आई

६ मार्च

पोरी,

या पत्रासोबत दोन गाठोडी येतील. शिंपिणीचा भाऊ गाडी घेऊन तिकडे येतोय, त्याच्या हाती पाठवतेय, टपालावर माझा भरवसा नाही. एकात कोट आहे, एकात हंडी. दोन्ही वेगवेगळी का बांधली ते तुला कळेलच. उघडताना आधी हंडी उघड आणि कोटाला नंतर हात लाव.

आता सांगते काय झालं ते. लपवून आजवर काय मिळवलं?

मागचं पत्र टाकल्यावर मी दोन दिवस मागच्या खोलीत गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, कोट काढून खुंटीला लावला, हात स्पिरिटने धुतले, नखांच्या आतसुद्धा. कातडी पांढरी पडली. आणि मग डोक्यात आलं की हंडीला तर मी कधी शिवलेच नाही. ती भंगाराच्या वखारीतून त्याच्या हातांत आली आणि त्याच्या हातांनी कपाटावर गेली. कोट माझ्या अंगात आला त्याच्या कितीतरी आधी. ना माझा बोळा फिरला तिच्यावर, ना माझी बोटं. या अख्ख्या घरात जर कुठे तो असेल, खरा, तर तिथे आहे.

मी स्टूल घेतलं. वरचा कागद बाजूला केला, फक्त कागद, काच नाही. खिडकीतून ऊन येत होतं. रुपेरीचा डबा माझ्या दुसऱ्या हातात होता. तो हलवला. आतली गोळी खडखडली. सगळ्या घरात तेवढा एकच आवाज.

एक फवारा. एवढंच होतं. करंगळी टेकलेली नसेल, तर तो.

मला तुझी भीती नव्हती वाटत. तू पाऊल ठेवलं नसतंस तर नसतं ठेवलंस, तेही मी सोसलं असतं, एवढी मी वाईट आहे. पण तो बोलला ते ऐकू आलं. पत्र्याची गुणगुण नव्हे, त्या दिवशी वारा पडला होता. नुसतं आठवलं, अगदी त्याच्या आवाजात. ‘आई, हिला हात लावायचा नाही. ही आमच्या घरची.’ माझ्या सगळ्या वस्तूंना तो मुद्दाम हात लावायचा. मी एवढी ओरडायची तरी. आणि मला त्याने जन्मात एकाच वस्तूला हात लावू नको म्हणून सांगितलं.

आणि एकदा रंग मारला की मागे येता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? थिनरने पुसला तर रंग जाईल आणि त्याच्याबरोबर खालचा तोही जाईल.

मी डबा खाली ठेवला. ठेवताना काचेवर ऊन तिरपं पडलं आणि कडेला काहीतरी धुरकट दिसलं. मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले, विश्वास ठेव. कागद चाचपून तसाच वर ओढला आणि शिंपिणीला हाक मारली. तिने कोरं मांजरपाट आणलं, त्याच्या दोन झोळ्या केल्या, आम्ही दोघींनी झोळीचे काठ धरून हंडी उतरवली. ती म्हणाली, ‘ताई, एवढं जपून तर कुणी बाळंतिणीला उतरवत नाही.’ मी तिला म्हटलं, ‘गप्प बैस आणि काठ धर.’

आता नीट वाच, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे आणि मला यातच कळतं.

हंडी पुसायची नाही. तू दिवसभर दुकानात काचा पुसतेस. समोर काच आली की तुझा हात आपोआप फडक्याकडे जातो, मी घरातही बघितलंय, जेवताना पाण्याचा ग्लास पुसतेस. म्हणून ती उघडताना हात मागे बांधल्यासारखे ठेव. धूळ दिसली तर फुंकर घाल. बास.

ती अशीच ठेवायची असेल तर ठेव. दिवा लावशील तेव्हा उजेड त्याच्या हातांमधून येईल, दिसला नाही तरी. आणि कधी वाटलंच बघावं, तर फवारा लांबून मारायचा, एक हात लांब, आणि एकदाच, श्वास सोडताना काचेवर वाफ येते ना, तेवढाच. मारल्यावर थांबायचं. लगेच काही दिसत नाही. मग रंग आपसूक बाजूला होतो. त्या वेळी शेजारी कुणी असलं तर बरं. मी असायला हवं असं म्हणत नाही. कुणीही.

सोबत रुपेरीचा एक डबा ठेवलाय. वापरायलाच हवा असं नाही.

कोटाच्या खिशातली फडकी मी काढलेली नाहीत. थंडी वाजली तर घाल. तुझ्यासुद्धा हातांना लागेल, सगळीकडे उमटत बसेल. लागू दे.

बाटली मी ठेवून घेतली. तिच्यावर माझाच हात आहे, माहीत आहे, पण तो त्याच्या खिशातून आलेला आहे. तिच्यात काही ठेवणार नाही, नुसती खिडकीत असू दे. पत्र्याचा स्क्रू आवळला. आता वारा आला तरी घर गप्प असतं. त्याचीही सवय होईल.

किल्ली तुझ्याकडे आहेच. कुलूप मी बदललेलं नाही, बदलणारही नाही.

शेवटचं मागते. तू फवारा मारलास, आणि करंगळी टेकलेली नसली, तर मला एका ओळीत कळव. सही नसली तरी चालेल. आणि टेकलेली असली, पोरी, तर माझ्याशी खोटं बोल. मी ओळखणार नाही.

आई